रीमा लागू

रीमा लागू (जन्म : मुंबई, २१ जून १९५८, मृत्यू : अंधेरी, मुंबई, १८ मे २०१७) ह्या मराठी रंगभूमी, मराठी व हिंदी चित्रपट आणि दूरचित्रवाणी ह्या माध्यमांत काम केलेल्या भारतीय अभिनेत्री होत्या. हिंदी चित्रपटांतील आईच्या भूमिकांमुळे त्या देशभर परिचित झाल्या. मराठी नाटकांतील तीव्र भावनिक संघर्षाच्या भूमिका आणि हिंदी मालिकांतील विनोदी भूमिका ह्यांसाठीही त्यांची ओळख होती.

प्रारंभिक जीवन

रीमा लागू यांचे माहेरचे नाव नयन भडभडे. त्यांच्या आई मंदाकिनी भडभडे ह्या रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या आणि 'लेकुरे उदंड जाली' ह्या नाटकातील भूमिकेसाठी ओळखल्या जात. नयन यांनी लहानपणी बालकलाकार म्हणूनही काम केले. त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागा शाळेत झाले. शाळेत असतानाच त्यांच्या अभिनयाची चुणूक दिसली होती. माध्यमिक शिक्षण पूर्ण होताच त्या व्यावसायिक अभिनयाकडे वळल्या.

अभिनेते विवेक लागू यांच्याशी १९७८ साली विवाह झाल्यावर त्यांनी रीमा लागू हे नाव घेतले. हे दोघेही युनियन बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. रीमा लागू यांनी सुमारे दहा वर्षे बँकेची नोकरी आणि अभिनय ही दोन्ही क्षेत्रे सांभाळली. त्या काळात त्या आंतरबँक सांस्कृतिक स्पर्धांमध्येही भाग घेत. पुढे पती-पत्नी विभक्त झाले. त्यांची कन्या मृण्मयी लागू ह्याही नाट्य-चित्रपट क्षेत्रात कार्यरत आहेत.

रंगभूमी

१९८० च्या दशकात जयवंत दळवी यांच्या 'पुरुष' ह्या नाटकाने रीमा लागू यांना आघाडीच्या अभिनेत्रींमध्ये स्थान मिळवून दिले. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या नाटकात सत्ताधारी पुढाऱ्याच्या अत्याचाराला बळी पडलेली व पुढे स्वतःच त्याला शासन करणारी शिक्षिका अंबिका त्यांनी साकारली. पुढाऱ्याच्या भूमिकेत नाना पाटेकर होते. शेखर ताम्हाणे लिखित 'सविता दामोदर परांजपे' मध्ये त्यांनी झपाटलेल्या स्त्रीची भूमिका केली. एकाच देहात दोन भिन्न व्यक्तिमत्त्वे दाखवण्याचे आव्हान त्या भूमिकेत होते. रत्नाकर मतकरी यांचे 'घर तिघांचं हवं' हे ताराबाई मोडक यांच्या जीवनावर आधारलेले नाटकही त्यांच्या महत्त्वाच्या नाटकांपैकी एक होय.

चित्रपट

जब्बार पटेल दिग्दर्शित 'सिंहासन' (१९७९) ह्या मराठी चित्रपटात त्यांची भूमिका होती. त्यानंतर गोविंद निहलानी यांच्या 'आक्रोश' (१९८०) आणि श्याम बेनेगल यांच्या 'कलयुग' (१९८१) ह्या समांतर प्रवाहातील हिंदी चित्रपटांत त्यांनी काम केले.

'कयामत से कयामत तक' (१९८८) मध्ये त्यांनी जुही चावलाच्या आईची भूमिका केली, तेव्हा त्यांनी वयाची तिशीही ओलांडली नव्हती. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया' मध्ये त्या सलमान खानच्या आईच्या भूमिकेत दिसल्या. ह्या चित्रपटाच्या यशानंतर त्यांच्याकडे प्रामुख्याने आईच्याच भूमिका येऊ लागल्या. 'गुमराह' (१९९३) मध्ये त्या श्रीदेवीच्या आई होत्या. श्रीदेवी त्यांच्याहून पाच वर्षांनीच लहान होत्या. 'हम आपके हैं कौन' (१९९४) मध्ये माधुरी दीक्षितच्या आणि 'कुछ कुछ होता है' (१९९८) मध्ये काजोलच्या आईची भूमिका त्यांनी केली.

हिंदी पडद्यावर पूर्वी रूढ असलेल्या वृद्ध, सोशिक आईपेक्षा त्यांनी रंगवलेली आई तरुण, हसतमुख आणि मुलांशी मैत्रीने वागणारी होती. त्याच वेळी नाटकांत मध्यवर्ती भूमिका करणाऱ्या ह्या अभिनेत्रीला हिंदी चित्रपटांत मात्र बहुधा सहायक भूमिकाच मिळाल्या.

महेश मांजरेकर दिग्दर्शित 'वास्तव' (१९९९) ह्या चौकटीला अपवाद ठरला. त्यात त्यांचा मुलगा झालेले संजय दत्त वयाने त्यांच्याहून केवळ एका वर्षाने लहान होते. गुन्हेगारीत बुडालेल्या मुलाला अखेर स्वतःच्या हाताने गोळी घालणाऱ्या आईची ही भूमिका त्यांच्या रंगभूमीवरील कामाशी नाते सांगणारी होती.

मराठीत 'बिनधास्त' (१९९९), 'आई शप्पथ' (२००६) व 'अनुमती' (२०१३) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट आहेत. 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) मध्ये कट्यारीच्या निवेदनासाठी त्यांचा आवाज वापरण्यात आला.

दूरचित्रवाणी

दूरदर्शनवरील 'खानदान' (१९८५) ह्या मालिकेतून त्या हिंदी प्रेक्षकांसमोर आल्या. १९९० च्या दशकातील 'श्रीमान श्रीमती' मध्ये त्यांनी कोकिळा कुलकर्णी ही भूमिका केली. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'तू तू मैं मैं' मध्ये त्या सासूच्या, तर सुप्रिया पिळगांवकर सुनेच्या भूमिकेत होत्या. सासू-सुनेच्या खटक्यांवरील ही मालिका लोकप्रिय झाली आणि चित्रपटांत क्वचितच दिसलेली त्यांची विनोदाची जाण तिच्यामुळे ठळकपणे पुढे आली. मराठीत 'तुझं माझं जमेना' ह्या मालिकेतही त्यांनी सासूची भूमिका केली.

निधन

२०१६ पासून त्या 'नामकरण' ह्या हिंदी मालिकेत दयावंती मेहता ही करारी, खलछटेची भूमिका करीत होत्या. १७ मे २०१७ रोजी सायंकाळपर्यंत त्यांनी ह्या मालिकेचे चित्रीकरण केले. रात्री छातीत दुखू लागल्याने त्यांना अंधेरी येथील कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात दाखल करण्यात आले. १८ मे रोजी पहाटे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या ५८ वर्षांच्या होत्या. त्यांच्यावर ओशिवरा येथील स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले.

पुरस्कार व नामांकने

सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीच्या फिल्मफेअर पुरस्कारासाठी त्यांना पुढील चार चित्रपटांकरिता नामांकन मिळाले :

• मैंने प्यार किया (१९८९)
• आशिकी (१९९०)
• हम आपके हैं कौन (१९९४)
• वास्तव (१९९९)

'तू तू मैं मैं' मधील भूमिकेसाठी त्यांना विनोदी अभिनेत्रीचा इंडियन टेली पुरस्कार मिळाला.