बुंदीची राखी

मराठी माणसाच्या कानी 'बुंदी' हा शब्द पडला की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम लग्नाची पंगत उभी राहते. त्यात त्याचा दोष नाही. परंतु ज्या बुंदीविषयी आम्ही येथे लिहीत आहो, ती कढईतली नव्हे. ती राजस्थानात अरवलीच्या एका खिंडीत वसलेली आहे, आणि तिचे आपले नाते पंगतीइतके गोड नाही. इ. स. १७३४ मध्ये रजपुतांच्या गादीच्या भांडणात मराठी फौजांनी पहिल्याने हात घातला तो या गावात. पुढे सत्तावीस वर्षांनी पानिपतावर आपण एकटे का पडलो, या प्रश्नाचा एक धागा मागे मागे शोधीत गेले, तर तो बुंदीत बांधल्या गेलेल्या एका राखीपाशी येऊन पोहोचतो.

कोट्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर हे गाव आहे. डोंगराच्या माथ्यावर तारागड, उतारावर राजवाडा आणि पायथ्याशी तलाव व वस्ती, अशी त्याची ठेवण. मूळची ही खोरी मीणा लोकांची. चौहानांच्या हाडा शाखेतील राव देवा याने ती त्यांच्याकडून जिंकून घेतली. कर्नल टॉड त्यासाठी १३४२ हे साल देतो. तारागड १३५४ च्या सुमाराचा समजला जातो. या शाखेवरूनच या सबंध मुलखाला हाडौती असे नाव पडले.

बुंदीचे नाव हिंदुस्थानच्या राजकारणात प्रथम गाजले ते राव सुर्जनामुळे. १५६९ मध्ये त्याने रणथंभोरचा किल्ला अकबराच्या स्वाधीन केला. पण तो अटी घालून, असे टॉड सांगतो. बुंदीच्या घराण्यातील मुलगी बादशाही जनानखान्यात जाणार नाही, हाडांना अटकेपार जाण्याची सक्ती होणार नाही, अशा त्या अटी होत. शरण जातानाही काय द्यावयाचे नाही हे ठरवून जाणारे हे घराणे होते, एवढे त्यावरून कळते. सुर्जनाचा पणतू-खापरपणतूंचा काळ येईपर्यंत कोटा वेगळा झाला आणि बुंदीचे राज्य आटले. तेज मात्र आटले नाही. १६५८ मध्ये सामूगढच्या रणांगणावर राव छत्रसाल दाराच्या बाजूने लढत पडला. राजवाड्यातील छत्रमहाल त्याने बांधलेला.

त्याचा मुलगा भावसिंग याच्याशी आपला थेट संबंध येतो. ज्या औरंगजेबाशी झुंजताना बाप पडला, त्याच औरंगजेबाच्या चाकरीत मुलगा दक्षिणेत आला. १६६३ च्या अखेरीस जसवंतसिंगाने कोंढाण्याला वेढा दिला, तेव्हा त्याचा मेहुणा भावसिंग त्याच्याबरोबर होता. मेहुण्या-मेहुण्यांचे पटले नाही, गडही हाती लागला नाही, आणि पुढल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दोघेही हात हलवीत परतले. भावसिंगाचा पुढचा बराच काळ औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात गेला. तेथील भावसिंगपुरा त्याचेच नाव सांगतो.

याहून मनोरंजक गोष्ट वाङ्मयाची आहे. भावसिंगाच्या आश्रयाला मतिराम नावाचा हिंदी कवी होता. त्याने 'ललितललाम' हा अलंकारग्रंथ आपल्या आश्रयदात्याच्या स्तुतीसाठी रचला. परंपरा असे सांगते की मतिराम हा भूषणाचा भाऊ; आणि भूषणाचा 'शिवराजभूषण' हाही अलंकारग्रंथच! एका घरचे दोन भाऊ, एकाच जातीचे दोन ग्रंथ. एकाचा नायक कोंढाण्याला वेढा घालणारा, तर दुसऱ्याचा नायक त्या गडाचा धनी. इतिहासाला असले योग जुळवून आणण्याची हौस असते, असे म्हणावे लागते.

भावसिंगानंतरच्या अनिरुद्धसिंगाच्या काळात गावाला शोभा आली. आपल्या दूधभावाच्या स्मरणार्थ त्याने १६८३ मध्ये चौऱ्यांशी खांबांची छत्री उभारली. दाईच्या मुलासाठी राजाने एवढे स्मारक करावे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याची राणी नाथावतजी हिने १६९९ मध्ये बांधलेली पायऱ्यांची विहीर 'रानीजी की बावडी' या नावाने प्रसिद्ध आहे. तिची खोली सुमारे ४६ मीटर. कोरीव कमानींखालून पायऱ्या उतरू लागले म्हणजे आपण पाण्याकडे चाललो आहो की देवळाच्या गाभाऱ्याकडे, असा भ्रम होतो. बुंदीत अशा लहानमोठ्या पन्नासांहून अधिक बावड्या सांगतात. पाणी दुर्मिळ असलेल्या मुलखात विहीर बांधणे हेच मोठे दान, ही त्यामागची दृष्टी.

आता राखीकडे वळू. अनिरुद्धाचा मुलगा बुधसिंग शूर खरा. परंतु जयपूरचा सवाई जयसिंग याच्या महत्त्वाकांक्षेपुढे तो टिकला नाही. जयसिंगाने आपल्या या मेहुण्याला पदच्युत केले आणि दलेलसिंग हाडा याला गादीवर बसवून त्याला आपली मुलगी दिली. तेव्हा बुधसिंगाच्या राणीने, म्हणजे जयसिंगाच्या बहिणीनेच, दलेलसिंगाचा थोरला भाऊ प्रतापसिंग याला दक्षिणेत मराठ्यांकडे धाडले. सहा लाख रुपयांचा करार ठरला. २२ एप्रिल १७३४ रोजी मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांनी बुंदी घेतली. राणीने मल्हाररावांच्या मनगटाला राखी बांधली. सख्ख्या भावाविरुद्ध एका रजपूत स्त्रीने मराठ्याला भाऊ मानले, हा प्रसंग कोणाही मराठी वाचकाचा ऊर भरून यावा असा आहे.

पण इतिहास तेथे थांबत नाही, आणि आपणही थांबू नये. मराठी फौजा माघारी वळल्या न वळल्या तोच जयसिंगाने वीस हजार सैन्य पाठवून दलेलसिंगाला पुन्हा गादीवर बसविले. त्याच वर्षी जुलैत हुरडा येथे रजपूत राजे मराठ्यांविरुद्ध एकत्र बसले. ती एकी टिकली नाही. भीती मात्र टिकली. बुधसिंग परागंदा स्थितीतच वारला. त्याचा कोवळा मुलगा उम्मेदसिंग याने बापाचे राज्य मिळविण्यासाठी पुढे कित्येक वर्षे झुंज घेतली. डबलाण्याच्या लढाईत त्याचा हुंजा नावाचा घोडा कामी आला. राज्य मिळताच त्याने त्या घोड्याचा पुतळा गावच्या चौकात उभारला. १७४८ मध्ये बगरू येथे ईश्वरीसिंगाला नमवून मल्हाररावांनी उम्मेदसिंगाला बुंदी परत मिळवून दिली. राखीचा शब्द चौदा वर्षांनी खरा झाला. पण त्याचा मोबदला म्हणून चंबळेकाठचे पाटण बुंदीच्या हातून गेले. बहिणीची ओवाळणी भावाने द्यावयाची असते. येथे ती बहिणीच्या घरानेच दिली.

आणि मागणी काही बुंदीपाशी थांबली नाही. खंडणीच्या तगाद्याने ईश्वरीसिंग इतका गांजला की १७५० च्या डिसेंबरात त्याने विष घेतले. पुढल्याच महिन्यात, १० जानेवारी १७५१ रोजी, जयपूर शहर पाहण्यास गेलेल्या हजारो मराठ्यांची तेथील लोकांनी कत्तल केली. दहा वर्षांनी पानिपत झाले, तेव्हा राजस्थानातील बहुतेक राजे दूर उभे राहून पाहत होते. पानिपताची कारणे अनेक आहेत आणि सारा भार या एका गोष्टीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. तथापि रजपुतांना कृतघ्न म्हणण्यापूर्वी आपण आपली वसुलीची वही उघडून पाहावी, असे आम्हांस वाटते.

उम्मेदसिंगाने मात्र या साऱ्या धुळवडीतून एक सुंदर वस्तू मागे ठेवली. राजवाड्यातील त्याच्या चित्रशाळेच्या भिंतींवर हिरव्या-निळ्या रंगांत कृष्णलीला, रागमाला, शिकारी आणि मिरवणुका रंगविल्या आहेत. बुंदी शैलीचा उगम १५९१ मध्ये चुनार येथे रंगविलेल्या रागमालेत मानतात. तिची बहरलेली रूपे येथे दिसतात. दाट झाडी, केळी, पाण्यात फुललेली कमळे, पावसाळी ढग! कोरड्या मुलखातील चित्रकारांना पाण्याचा जिव्हाळा किती, ते येथे समजते. १७७० मध्ये राजाने गादी सोडली आणि 'श्रीजी' या नावाने गंगोत्रीपासून रामेश्वरापर्यंत तीर्थयात्रा केल्या.

१८१८ मध्ये बुंदी इंग्रजांच्या तहात आली आणि १९४८ मध्ये राजस्थान संघात विलीन झाली. या दोन सालांच्या मधला एक पुरुष आम्हांला सर्वांत मोठा वाटतो, आणि तो राजा नव्हे. दरबारी कवी सूर्यमल्ल मिश्रण याने रामसिंगाच्या आज्ञेने 'वंशभास्कर' हा हाडा घराण्याचा प्रचंड काव्येतिहास लिहावयास घेतला. रामसिंगाच्या कारकिर्दीपाशी येताच प्रश्न उभा राहिला. गुण लिहीन तसे दोषही लिहीन, हा कवीचा आग्रह. राजाला तो रुचला नाही. सूर्यमल्लाने लेखणी खाली ठेवली. १८६८ मध्ये तो वारला आणि ग्रंथ त्याचा दत्तक पुत्र मुरारिदान याने पुरा केला.

धन्याचे अन्न खाऊनही खोटे न लिहिणारा हा चारण बुंदीचे खरे भूषण होय. राणीची राखी अभिमानाने सांगावी. पाटणची किंमतही तितक्याच मोकळेपणाने सांगावी. सूर्यमल्लाच्या गावाची कथा याहून निराळ्या रीतीने सांगता येईल, असे आम्हांस वाटत नाही.