विजेतेपद आणि विशेषण : हेवीवेट मुष्टियुद्धातील वर्णरेषा

मुष्टियुद्धाच्या इतिहासग्रंथांतून हेवीवेट गटातील जगज्जेत्यांची नामावली हटकून छापलेली असते. जॉन एल. सलिव्हन, जेम्स कॉर्बेट, बॉब फिट्झसिमन्स, जेम्स जेफ्रीज, मार्व्हिन हार्ट, टॉमी बर्न्स, जॅक जॉन्सन, जेस विलार्ड, जॅक डेम्प्सी, जीन टनी अशी नावे ओळीने येतात आणि त्या त्या काळी तो तो पुरुष जगातील सर्वांत समर्थ मुष्टियोद्धा होता, असा वाचकाचा सहजच समज होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ही नामावली साधन म्हणून हाती घेताना थोडे थबकावयास हवे. ती जशी झालेल्या सामन्यांची नोंद आहे, तशीच न होऊ दिलेल्या सामन्यांचीही आहे. फरक इतकाच की, दुसरी नोंद तीत शब्दांनी केलेली नाही. १८९२ ते १९३७ या कालखंडात कृष्णवर्णीय योद्ध्यांना या पदापासून दूर कसे ठेवले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी एका शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘कलर लाइन’ या प्रयोगास मी ‘वर्णरेषा’ हा प्रतिशब्द योजिला आहे. मराठीत ‘वर्ण’ या शब्दाला चातुर्वर्ण्याचा अर्थ चिकटलेला असल्याने तो सर्वस्वी निर्दोष नाही. येथे त्याचा संबंध केवळ कातडीच्या रंगाशी आहे असे समजावे. फ्रेडरिक डग्लस यांनी १८८१ मध्ये याच शीर्षकाचा लेख लिहिला होता. अर्थात हा प्रयोग मुष्टियुद्धाच्या रिंगणात जन्मलेला नव्हे. लक्षात घेण्याजोगे आहे ते त्याच्या जोडीने येणारे क्रियापद. इंग्रजीत ही रेषा ‘ओढली’ जाते. क्रियापद सकर्मक आहे, आणि सकर्मक क्रियेला कर्ता लागतो. हेवीवेटच्या बाबतीत तो कर्ता कोण, हा प्रश्न विचारला की पुष्कळसा इतिहास उलगडत जातो.

त्या काळी या पदावर अधिकार चालविणारी कोणतीही सर्वमान्य संस्था नव्हती. पद हे विजेत्याची जणू खाजगी मालमत्ता होती. कोणाशी, कोठे, किती रकमेच्या पैजेवर लढावयाचे, हे तो आणि त्याचा व्यवस्थापक ठरवीत. १८९२ च्या मार्चमध्ये सलिव्हनने आपले सुप्रसिद्ध आव्हान प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात निग्रोशी आपण लढणार नाही, कधी लढलो नाही व कधी लढणारही नाही, अशा आशयाचे वाक्य घातले. हा कायदा नव्हता, नियमही नव्हता. एका माणसाची ती मर्जी होती. परंतु पद त्याच्या हाती असल्यामुळे तिचा परिणाम कायद्यासारखाच झाला. दक्षिणेकडील काही राज्यांत पुढे मिश्र सामन्यांवर लेखी बंदी आली, आणि टेक्सासमधील तसा कायदा १९५४ मध्ये न्यायालयाने रद्दही केला. कारण लेखी कायद्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. सलिव्हनच्या वाक्याविरुद्ध दाद मागावी तरी कोठे?

ही रूढी फार पुरातन होती असेही नाही. १८१० आणि १८११ या दोन वर्षी अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय टॉम मॉलिनो हा इंग्लंडचा विजेता टॉम क्रिब याच्याशी दोनदा लढला. प्रेक्षक त्याला प्रतिकूल होते, पण त्याला रिंगणात येऊच देऊ नये, असे ठरले नाही. म्हणजे सलिव्हनने जपली ती पूर्वजांची परंपरा नव्हे. यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेत जी नवी विषमता रचली जात होती, तिच्याच घडणीचा तो भाग होता.

सलिव्हनच्या वाक्याचा रोख ज्याच्याकडे होता, तो पीटर जॅक्सन. जन्म १८६१ चा, त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या सेंट क्रॉई बेटावरचा. तरुणपणी तो ऑस्ट्रेलियात गेला व १८८६ मध्ये तेथील हेवीवेट विजेता झाला. दोन वर्षांनी अमेरिकेत येऊन त्याने जॉर्ज गॉडफ्री याला हरविले आणि ‘कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता’ ही पदवी मिळविली. २१ मे १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याची गाठ तरुण कॉर्बेटशी पडली. चार तास, एकसष्ट फेऱ्या. अखेर दोघेही हात उचलू शकेनासे झाले आणि सामना अनिर्णित म्हणून थांबविण्यात आला. पुढील वर्षी ३० मे रोजी लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबमध्ये त्याने फ्रँक स्लॅव्हिन या नामांकित गोऱ्या योद्ध्याला दहाव्या फेरीत नामोहरम केले. या विजयानंतर सव्वातीन महिन्यांनी, ७ सप्टेंबर १८९२ ला, न्यू ऑर्लिन्समध्ये कॉर्बेटने सलिव्हनला हरवून पद जिंकले. ज्याला जॅक्सनवर एकसष्ट फेऱ्यांत मात करता आली नव्हती, तोच आता जगज्जेता होता.

कॉर्बेटने सलिव्हनसारखे सरळ ‘नाही’ म्हटले नाही. वाटाघाटी झाल्या, पण सामन्याची जागा दक्षिणेकडील असावी, असा त्याचा आग्रह. कृष्णवर्णीयाने तेथे जाऊन गोऱ्या विजेत्याशी लढणे म्हणजे काय, हे जॅक्सन जाणून होता. त्याला लंडन हवे होते. सामना झाला नाही, आणि दोष मात्र अटींच्या गळ्यात पडला. ही दुसरी तऱ्हा मला पहिलीपेक्षा अधिक अभ्यसनीय वाटते, कारण तीत कर्ता वाक्यातून नाहीसा होतो : सामना ‘नाकारला’ नाही, तो ‘जुळला नाही’. पुढे जॅक्सन ‘अंकल टॉम्स केबिन’ नाटकात टॉमची भूमिका करीत गावोगाव फिरला. १८९८ मध्ये, शरीर खंगलेले असताना, जेफ्रीजने त्याला तिसऱ्या फेरीत हरविले. १९०१ मध्ये क्वीन्सलंडमधील रोमा या गावी तो क्षयाने मरण पावला.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही रेषा गोऱ्या आणि काळ्या योद्ध्यांमध्ये नव्हती. ती पदाभोवती होती. कॉर्बेट जॅक्सनशी लढला, तो पद मिळण्यापूर्वी. जेफ्रीजही जॅक्सनशी लढला, पद मिळण्यापूर्वी. मार्व्हिन हार्टने २८ मार्च १९०५ रोजी जॅक जॉन्सनवर पंचाच्या निर्णयाने वीस फेऱ्यांत विजय मिळविला आणि त्यामुळेच जुलैमध्ये रिकाम्या पदासाठी तो उभा राहू शकला. डेम्प्सी १९१६ मध्ये जॉन लेस्टर जॉन्सनशी लढला व त्याच्याकडून बरगड्यांवर चांगलाच मार खाऊन आला. विजेता होण्याच्या वाटेवर कृष्णवर्णीय प्रतिस्पर्धी चालत असे, नव्हे उपयोगी पडत असे. शिखरावर पोहोचताच तो वर्ज्य होई.

आणखी एक विसंगती अशी की, हलक्या वजनी गटांत ही रेषा इतकी कडक नव्हती. जॉर्ज डिक्सन, जो वॉलकॉट, जो गॅन्स हे तिघेही कृष्णवर्णीय १८९० ते १९०२ या काळात आपापल्या गटांत जगज्जेते झाले. सलिव्हनच्या पराभवाच्या आदल्याच दिवशी, त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये, त्याच क्लबात डिक्सनने जॅक स्केली या गोऱ्या योद्ध्याला हरविले होते. त्यावर शहरात बराच गदारोळ उठला व त्या क्लबाने पुन्हा मिश्र सामने न भरविण्याचे ठरविले, ही गोष्ट निराळी. परंतु हेवीवेटवरच एवढा कटाक्ष का? ‘चँपियन’ हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील ‘काम्पिओ’पासून आला आहे, आणि मध्ययुगीन न्यायव्यवस्थेत तो दुसऱ्याच्या वतीने द्वंद्व करणाऱ्यासही लावीत. आपल्या ‘जगज्जेता’ या शब्दात जिंकणे आहे, प्रतिनिधित्व नाही. इंग्रजी शब्दात ती जुनी छटा टिकून राहिली. हलक्या गटाचा विजेता हा ठराविक वजनाच्या मर्यादेतला विजेता. हेवीवेटला वरची मर्यादाच नाही. तो कोणाही माणसाला हरवू शकणारा माणूस, आणि म्हणून आपल्या समाजाचा प्रतिनिधी. तेथे कृष्णवर्णीय पुरुष उभा राहिला, तर वंशश्रेष्ठत्वाचा सारा सिद्धान्त एका ठोशाने पडताळून पाहता आला असता.

तो पडताळा सिडनी येथे २६ डिसेंबर १९०८ रोजी झाला. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनचा जॅक जॉन्सन १९०३ पासून कृष्णवर्णीयांचा विजेता होता. जेफ्रीजने त्याला दाद न देताच १९०५ मध्ये निवृत्ती पत्करली. नंतर जॉन्सनने टॉमी बर्न्सचा इंग्लंडपर्यंत आणि तेथून ऑस्ट्रेलियापर्यंत पाठलाग केला. शेवटी ह्यू मॅकिन्टॉश या आयोजकाने बर्न्सला सहा हजार पौंड देऊ केले, जॉन्सनला एक हजार. चौदाव्या फेरीत पोलिसांनी सामना थांबविला आणि पद जॉन्सनकडे गेले. निवृत्त जेफ्रीजला परत बोलावण्यात आले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे तोही पंधराव्या फेरीत हरला. त्या रात्री अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या व कृष्णवर्णीयांचे बळी गेले. १९१२ मध्ये मुष्टियुद्धाच्या चित्रपटांची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ने-आण करण्यास बंदी घालणारा कायदा झाला.

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी घटना याच सुमारास घडली. तोपर्यंत दोन पदव्या प्रचलित होत्या : ‘जगज्जेता’ आणि ‘कृष्णवर्णीय विजेता’. पहिली निर्विशेषण, दुसरी सविशेषण. पहिल्या पदवीत ‘गोरा’ हे विशेषण अध्याहृत होते, पण उच्चारण्याची गरज कोणालाच भासली नव्हती. जॉन्सन जगज्जेता होताच हे अध्याहृत विशेषण एकाएकी उघडे पडले. १९१३ च्या पहिल्या दिवशी ल्यूथर मॅकार्टी हा ‘गोऱ्यांचा हेवीवेट विजेता’ म्हणून घोषित झाला. त्याच वर्षी मे महिन्यात तो कॅल्गरी येथे रिंगणातच मृत्यू पावला. पुढे ही पदवी गनबोट स्मिथकडे व १९१४ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज कार्पांतिएकडे गेली. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे विलार्डने सव्विसाव्या फेरीत जॉन्सनला पाडले, आणि ‘गोऱ्यांचा विजेता’ ही पदवी व्यवहारातून लुप्त झाली. तिची आवश्यकता उरली नव्हती. ‘जगज्जेता’ या शब्दात तिचा अर्थ पुनश्च सामावला होता. नामावलीतील ‘जग’ या शब्दाची व्याप्ती किती होती, याचा याहून चांगला पुरावा मला तरी सापडलेला नाही.

जॉन्सनच्या गौरवात एक प्रकरण बहुधा झाकले जाते. पद हाती असताना त्याने सॅम लँगफर्ड, जो जनेट व सॅम मॅक्व्हे या तिघा श्रेष्ठ कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही संधी दिली नाही. १९१३ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये तो एका कृष्णवर्णीयाशी लढला खरा, पण तो बॅटलिंग जिम जॉन्सन, या तिघांहून पुष्कळच कमी प्रतीचा. आणि तोही सामना बरोबरीत सुटला. दोन काळ्यांचा सामना पाहावयास पैसे देऊन कोण येणार, हे जॉन्सनचे समर्थन. ते खोटे नव्हते, आणि हीच त्यातील दुःखाची बाजू होय. बाजार गोऱ्या प्रेक्षकाचा. त्याला काळ्याचा पराभव गोऱ्याच्या हातून पाहावयाचा होता. रेषा ओढणारा हात आता काळा होता, हिशेब मात्र जुनाच.

या हिशेबात सर्वांत अधिक गमावले ते लँगफर्डने. नोव्हा स्कोशियातील वेमाउथ फॉल्सचा हा माणूस उंचीने साडेपाच फुटांहून थोडासाच अधिक. १९०३ मध्ये त्याने हलक्या गटाचा विजेता जो गॅन्स याला पदाबाहेरच्या सामन्यात हरविले. पुढील वर्षी वेल्टरवेट विजेता वॉलकॉटशी बरोबरी केली. आणि नंतर थेट हेवीवेटमध्ये उतरला. १९०६ मध्ये जॉन्सनने त्याला पंधरा फेऱ्यांत निर्विवाद हरविले होते. (त्या सामन्यात लँगफर्डने जॉन्सनला लोळविल्याची कथा पुढे पसरली, ती ग्राह्य धरू नये.) पण तेव्हा लँगफर्ड वजनाने फारच कमी होता, त्याचा खरा बहर त्यानंतरचा. गोरे विजेते त्याला टाळीत, काळा विजेताही टाळी. मग उरले काय? लँगफर्ड, जनेट, मॅक्व्हे आणि हॅरी विल्स हे चौघे वर्षानुवर्षे एकमेकांशीच लढत राहिले. एकट्या लँगफर्ड-विल्स जोडीचे सामने पंधरांहून अधिक भरतात. १९०९ मध्ये पॅरिसला जनेट आणि मॅक्व्हे एकोणपन्नास फेऱ्या लढले. १९२२ मध्ये लँगफर्डची दृष्टी बहुतांशी गेलेली असताना त्याने टायगर फ्लॉवर्सला पाडले. हाच फ्लॉवर्स १९२६ मध्ये मिडलवेटचा जगज्जेता झाला. १९४४ मध्ये अल लेनी या पत्रकाराने लँगफर्डला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शोधून काढले, तेव्हा तो पूर्ण अंध व निष्कांचन होता. वाचकांच्या वर्गणीतून त्याच्यासाठी निधी उभारला गेला. १९५६ मध्ये तो वारला.

१९२० नंतर शासकीय आयोग अस्तित्वात आले होते. तरीही विल्सचे प्रकरण निराळे घडले नाही. १९१९ मध्ये पद मिळताच डेम्प्सीने वर्णरेषा पाळण्याचे जाहीर केले. पुढे त्याने भाषा सौम्य केली, करारांवर सह्याही केल्या. १९२५ च्या करारापोटी विल्सला पन्नास हजार डॉलर मिळाले. डेम्प्सीला कबूल केलेली रक्कम उभी राहिली नाही आणि सामना बारगळला. न्यूयॉर्कच्या आयोगाने विल्सचा अग्रहक्क मान्य केला, तेव्हा १९२६ च्या सप्टेंबरात डेम्प्सी-टनी सामना फिलाडेल्फियाला नेण्यात आला. तेथे एक लाख वीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. न लढण्याबद्दल पन्नास हजार डॉलर मिळविणारा विल्स हा कदाचित या कथेतील सर्वांत चमत्कारिक विजेता म्हणावा लागेल.

२२ जून १९३७ रोजी शिकागो येथे जो लुईने आठव्या फेरीत जेम्स ब्रॅडॉकला पाडले. जॉन्सनच्या पराभवानंतर बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला या पदासाठी लढता आले नव्हते. लुईच्या वागण्याबोलण्याला त्याच्या व्यवस्थापकांनी कडक शिस्त लावली होती; हरलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे हर्ष दाखवावयाचा नाही, गोऱ्या स्त्रीसमवेत छायाचित्र काढू द्यावयाचे नाही. म्हणजे जॉन्सन ज्या गोष्टी उघडपणे करी, त्या सर्व वर्ज्य. शिवाय ब्रॅडॉकने संधी दिली तीही फुकट नव्हे : आयोजक माइक जेकब्ज यांच्या हेवीवेट सामन्यांच्या नफ्यातील दहा टक्के वाटा दहा वर्षांपर्यंत त्याला मिळावा, असे ठरले होते. जॅक्सन आणि कॉर्बेट यांच्यामध्ये जागेची अट आडवी आली. येथे किंमत ठरली आणि दार उघडले. २५ जानेवारी १९३९ रोजी लुई जॉन हेन्री लुईस या कृष्णवर्णीयाशी पदासाठी लढला. अमेरिकेच्या भूमीवर हेवीवेट पदासाठी दोन कृष्णवर्णीय समोरासमोर येण्याचा हा पहिलाच प्रसंग. सामना पहिल्याच फेरीत संपला. ‘कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता’ ही पदवी तोवर वापरातून गेली होती.