वेडचा रस्ता आणि चाकांची वहिवाट : स्कॉटलंडच्या डोंगरात गाडी कोणत्या हक्काने जाते? (थ्रेड)

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुख म्हणजे हायलँड्स. तेथे खिंडीखिंडींतून जुन्या कच्च्या वाटा गेल्या आहेत. त्यांवरून जीप किंवा मोटारसायकल नेण्याची हौस असलेले लोक ब्रिटनमध्ये बरेच आहेत. गाडी चढेल का, याची चिंता त्यांना फारशी नसते. कायद्याने चढवता येईल का, या प्रश्नावर मात्र त्यांना थेट अठराव्या शतकातील कागद उलगडत बसावे लागते. हे असे का, ते पाहू.

सुरुवात एका सेनापतीपासून करावी लागते. १७१५ आणि १७१९ मध्ये पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने हायलँड्समध्ये उठाव झाले. या पक्षाला जॅकोबाइट म्हणत. उठाव मोडले, पण लंडनच्या सरकारला एक गोष्ट कळून चुकली : या डोंगरांत तोफ नेता येत नाही, कारण चाक चालेल असा रस्ताच नाही. १७२४ मध्ये जनरल जॉर्ज वेड याला पाहणीसाठी पाठवण्यात आले आणि पुढच्याच वर्षापासून त्याने रस्तेबांधणी हाती घेतली.

पुढील बारा-तेरा वर्षांत वेडने सुमारे ४०० किलोमीटर रस्ते बांधले. मजूर होते त्याचेच सैनिक. साध्या शिपायाला पगारावर दिवसाला सहा पेन्स जादा मिळत. रुंदी साधारण सोळा फूट. चर खणायचा, तळाशी मोठे दगड, त्यांवर लहान दगड, वर खडी. (पुढे वेडनंतर आलेल्या विल्यम कॉलफील्डने त्याच्याहून कितीतरी जास्त रस्ते बांधले, पण लोक आजही दिसेल त्या जुन्या लष्करी रस्त्याला ‘वेडचा रस्ता’ म्हणतात. कॉलफील्डवर हा अन्यायच आहे.)

या सगळ्यांत धाडसी काम कोरियारिक खिंडीचे. फोर्ट ऑगस्टस हा लष्करी तळ आणि दक्षिणेकडील डॅलव्हिनी यांना जोडणारा हा रस्ता सुमारे ७७० मीटर उंचीवरून जातो. खिंडीच्या एका बाजूचा चढ इतका उभा आहे की रस्ता नागमोडी वळणांनी, दगडी भिंतींचा आधार देत वर न्यावा लागला. सुमारे ५०० सैनिकांनी हे काम १७३१ च्या एकाच हंगामात उरकले. ३० ऑक्टोबरला, राजा दुसरा जॉर्ज याच्या वाढदिवशी, डोंगरातच अख्खे बैल भाजून त्यांना मेजवानी देण्यात आली.

चौदा वर्षांनी या रस्त्याने आपल्या धन्याशीच वैर केले. १९ ऑगस्ट १७४५ रोजी चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टने ग्लेनफिननला निशाण उभारले. सरकारी सेनापती सर जॉन कोप त्याला रोखायला उत्तरेकडे निघाला. डॅलव्हिनीला पोचल्यावर बातमी आली की कोरियारिकचा माथा बंडखोरांच्या ताब्यात जाणार. त्या नागमोडी चढावर वरून मारा झाला तर फौज कापली जाईल, हे कोपला उमगले. तो बाजूला वळून इन्व्हर्नेसकडे गेला. जॅकोबाइट सरकारी खर्चाने बांधलेल्या घाटातून निर्वेध उतरले आणि १७ सप्टेंबरला एडिनबरा त्यांच्या हाती होते. चारच दिवसांनी प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत कोपचा पराभव झाला.

पुढच्या वर्षी कलोडनला उठाव कायमचा चिरडला गेला. तोफांची गरज संपली, पण रस्ता उरला, आणि तो आयता मिळाला गुरे हाकणाऱ्यांना. हायलँड्सची काळी गुरे दरवर्षी कळपाकळपांनी दक्षिणेच्या बाजारांकडे निघत. आधी क्रीफला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फॉल्कर्कला. कोरियारिक हा त्यांचा एक ठरलेला मार्ग झाला. खडी मात्र त्यांना आवडत नसे. ती गुरांच्या खुरांना लागे, म्हणून काही ठिकाणी गुरांना नाल मारावे लागत.

एकोणिसाव्या शतकात लॉख लॅगनच्या काठाने सोपा रस्ता झाला. उंचावरच्या, हिमात गाडल्या जाणाऱ्या खिंडीवर खर्च करणे सरकारने सोडून दिले. १८६३ मध्ये डॅलव्हिनीला रेल्वे आली आणि गुरे डब्यांतून जाऊ लागली. खिंडीतली वर्दळ ओसरत गेली.

नेमका याच सुमारास डोंगरांचा मालक बदलत होता. हायलँड्सच्या मोठमोठ्या जमिनी हरणांच्या शिकारीसाठी राखल्या जाऊ लागल्या. शिकारी जमीनदाराला वाटेवरचा परका माणूस नकोसा असे. १८४७ मध्ये ग्लेन टिल्टच्या दरीत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बाल्फर आपल्या विद्यार्थ्यांसह आले, तेव्हा अ‍ॅथॉलच्या ड्यूकने त्यांची वाट अडवली. प्रकरण न्यायालयात गेले आणि गाजले.

सर्वांत महत्त्वाचा खटला त्यानंतरचा, ‘जॉक्स रोड’चा. ग्लेन डॉलमधून ब्रेमारकडे जाणारी ही डोंगरवाट डंकन मॅकफर्सन या जमीनदाराने बंद करू पाहिली. वाटांच्या हक्कासाठी झटणारी संस्था त्याच्याविरुद्ध उभी राहिली. साक्षीला कोण आले? एके काळी या वाटेने मेंढरे हाकणारे लोक. कोणत्या साली, कोणत्या बाजाराला, किती वेळा, हे त्यांनी न्यायालयाला सांगितले. १८८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने वाट लोकांची ठरवली. खटल्याच्या खर्चाने मात्र दोन्ही पक्षांचे कंबरडे मोडले.

आपल्याकडे शेताच्या बांधावरून ‘वहिवाट’ हा शब्द ज्या अर्थाने भांडला जातो, त्याच अर्थाचा हा हक्क आहे. स्कॉटलंडच्या कायद्यात सार्वजनिक वाट सिद्ध करायची तर ती दोन सार्वजनिक ठिकाणांना जोडणारी हवी, ठरलेल्या मार्गाने जाणारी हवी, आणि लोकांनी ती उघडपणे, परवानगी न मागता, अखंड २० वर्षे वापरलेली हवी. (पूर्वी ही मुदत ४० वर्षे होती, १९७३ च्या कायद्याने ती निम्मी केली.) इंग्लंडमध्ये अशा वाटांची कायदेशीर नकाशांत नोंद असते. स्कॉटलंडमध्ये तसा अधिकृत, निर्णायक नकाशा नाही.

मोटारवाल्यांची खरी अडचण येथे सुरू होते. हक्क ज्या प्रकारच्या वापरातून जन्मतो, त्याच प्रकारापुरता तो असतो. २० वर्षे माणसे चालली, तर चालण्याचा हक्क. गाडीचा हक्क हवा, तर गाड्या गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. शिवाय २० वर्षे वापर बंद राहिला, तर मिळालेला हक्क विझूही शकतो. वेडने कोरियारिक चाकांसाठीच बांधला, हे खरे. पण मधल्या दीर्घ काळात तेथून चाके किती गेली? लष्करी रस्त्यावर मोटारींचा दावा सांगणारे आणि तो नाकारणारे, दोघेही याच फटीत बोट घालतात.

बेन नेव्हिसची कथा येथे उद्बोधक आहे. १३४५ मीटर उंचीच्या या शिखरावर १८८३ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि तिच्यासाठी घोड्यांची वाट बांधली गेली. मे १९११ मध्ये एडिनबराच्या हेन्री अलेक्झांडर या तरुणाने फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार या शिखरावर चढवली. वडील फोर्ड गाड्यांचे विक्रेते होते, म्हणजे ही जाहिरातच. तिला अनेक दिवस लागले, माणसे लागली, काही अंतर दलदलीतून कापावे लागले. पराक्रम मोठा, पण अशा एका फेरीने वहिवाट होत नाही.

आजचा कायदा या बाबतीत कडक आहे. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या ३४ व्या कलमानुसार अधिकार नसताना माळरानावर, पायवाटेवर किंवा घोडेवाटेवर मोटार नेणे हा गुन्हा आहे. केवळ उभी करण्यासाठी रस्त्यापासून १५ यार्डांची सूट आहे. आणि ज्या वाटेवर गाडीचा सार्वजनिक हक्क आहे, तेथे नोंदणी, विमा आणि परवाना हमरस्त्यासारखाच लागतो. वाट खडकाळ आहे म्हणून त्यात सवलत नाही.

२००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने एक विलक्षण फेरफार केला. पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जाणाऱ्यांना जवळजवळ सर्व मोकळ्या जमिनीवर, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, संचाराचा हक्क मिळाला. मोटारी त्यातून वगळल्या. अपवाद फक्त अपंग व्यक्तींसाठी बनवलेल्या किंवा बदलून घेतलेल्या वाहनांचा. म्हणजे ज्या मेंढपाळांच्या साक्षींनी पदयात्रींची लढाई जिंकली, त्या साक्षींची गरज पदयात्रींना आता क्वचितच पडते. इतिहासाचे ओझे उरले ते मोटारवाल्यांच्या खांद्यावर. अठराव्या शतकाच्या मध्यात विल्यम रॉयने केलेला हायलँड्सचा लष्करी नकाशा, वेडचे अहवाल, बाजारांच्या नोंदी यांत डोके घालणारे जीपवाले आढळतात, ते त्यामुळेच.

दुसरीकडे रस्त्याचीही बाजू आहे. कोरियारिकचे भाग संरक्षित स्मारक आहेत, आणि अशा स्मारकाची नासधूस हा १९७९ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. वेडची खडी पायांनी आणि खुरांनी झिजली, पण टिकली. ओल्या हंगामात फिरणारे जड टायर तिच्यात खोल चाकोऱ्या पाडतात, त्यांतून पाणी वाहते आणि खालचा दगडी थर उघडा पडतो. चाकांची वहिवाट जिवंत ठेवण्यासाठी चाके फिरवावीत, तर ज्या रस्त्यासाठी भांडण आहे तोच वाहून जातो. स्थानिक कौन्सिलला आदेश काढून वाहने रोखण्याचा अधिकार आहे तो अशाच प्रसंगांसाठी.

मग कायदेशीरपणे काय करता येते? खाजगी जमिनीवरची वाट असेल तर जमीनमालकाची आधी परवानगी, आणि कौन्सिलकडे निर्बंधांची चौकशी. फोर्ट विल्यमच्या परिसरात दर मे महिन्यात भरणारी मोटारसायकलींची ‘सहा दिवसांची’ स्पर्धा जमीनमालकांच्या संमतीनेच डोंगरात जाते.

आणि वेडच्या वाटेवरून गाडी हाकायचीच असेल, तर त्यासाठी चिखलही लागत नाही. अ‍ॅबरफेल्डी येथे १७३३ मध्ये वेडने टे नदीवर बांधलेल्या पुलावरून आजही रोजची वाहने जातात. लॉख नेसच्या दक्षिण बाजूचा डांबरी रस्ता बराचसा त्याच्याच आखणीवर आहे. लॅगनकडून स्पे नदीच्या काठाने निघालेला अरुंद रस्ता गारव्हाच्या दोन कमानींच्या जुन्या पुलाशी पोचतो. तेथून थोडे पुढे, मेलगार्व्हच्या आसपास, साध्या गाडीची वाट संपते आणि कोरियारिकचा चढ सुरू होतो. गाडी खाली ठेवून वर निघालेल्या माणसाला दुपारपर्यंत ती नागमोडी वळणे गाठता येतात, आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.