कोठार एक, दारं अनेक

एकाच डिजिटल संग्रहावर ज्याच्या त्याच्या गरजेची निराळी संकेतस्थळं उभी करायची, या पद्धतीचं मूळ सांगताना बोट सहसा अमेरिकेकडे जातं. एमआयटी आणि ह्युलेट-पॅकार्डने 2002 साली आणलेली ‘डीस्पेस’ ही प्रणाली त्यात हमखास येते. ते चूक नाही. पण मराठी मुलखात या पद्धतीची आणखी एक मुळी सापडते, आणि ती जात्यावरच्या ओव्या टिपून घेणाऱ्यांच्या कागदांपर्यंत जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याच्या ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’मार्फत सुमारे वीस वर्षांत 1,10,000 हून अधिक ओव्या लिहून घेतल्या. गाणारीचं नाव, तिचं गाव, ओवीचा विषय हे सगळं ओवीसोबतच राहिलं. माझ्या मते शोध लागला तो इथे. ओवी दोन ओळींची, स्वतःपुरती पुरी. तिच्यासोबत गाव आणि गळा नोंदलेला असला की तीच ओवी आज गावानुसार, उद्या विषयानुसार, परवा गाणारीनुसार मांडता येते. सलग छापलेल्या पुस्तकाला एकदा क्रम ठरला की हे जमत नाही.

संगणक आला तो यानंतर. फ्रान्सच्या ‘सीएनआरएस’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेतले अभियंता बर्नार्ड बेल 1990 च्या दशकात या कामात आले. त्यांनी मजकुराचा डेटाबेस बांधला आणि 120 तासांहून अधिक गाणं ध्वनिमुद्रित केलं. हा ठेवा आधी गुडगावच्या लोकसंगीत-संशोधन केंद्रात होता, पुढे फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या भाषा-संग्रहात गेला. तिथे तो ‘खुली अभिलेख प्रणाली’ या आराखड्याचा नमुना ठरला. हा आराखडा मुळात अंतराळ संस्थांच्या समितीने आखलेला. 2003 साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. उपग्रहांनी पाठवलेली माहिती यंत्रं बदलली तरी वाचता यावी, ही त्यामागची चिंता. जपून ठेवायचा गठ्ठा वेगळा आणि मागणाऱ्याच्या हाती द्यायचा गठ्ठा वेगळा, हे त्याचं सूत्र. जात्याची आणि उपग्रहाची सोयरीक जुळली ती अशी! 2017 पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ही ग्रामीण भारताची ऑनलाइन पत्रिका हाच ठेवा वाचकांसमोर मांडते आहे, गायिकांची छायाचित्रं, चित्रफिती आणि भाषांतरांसह. फ्रान्समधल्या अभ्यासकाला लागणारं दार निराळं, हे निराळं. कोठार मात्र तेच.

यावर पहिला आक्षेप असा की प्रत्येकाने आपला संग्रह आपल्याकडेच का ठेवू नये? समजा, पुणे जिल्ह्यातल्या बेल्ह्याच्या कुणी जुन्नर-आंबेगावपुरतं ओव्यांचं संकेतस्थळ करायचं ठरवलं. नकलून घेतलं की काम झालं, असं वाटेल. पण नावं बदलत राहतात: शेजारचा अहमदनगर जिल्हा आता अहिल्यानगर झाला, उस्मानाबाद धाराशिव झालं. गावाचं नाव एका नोंदीत बेल्हे असेल, तर दुसरीत बेल्हा. नकला पाच असतील तर दुरुस्त्याही पाच ठिकाणी, आणि वर्षभरात एकीचा दुसरीशी मेळ राहत नाही. कोठारात एकदा नवं नाव जोडलं (जुनं न खोडता, कारण गाणारीने सांगितलं ते जुनंच होतं) की सगळी दारं सुधारतात. निवड, मांडणी, शेजार हे मात्र स्थानिकांच्या हाती राहतं, आणि राहायलाच हवं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ओवी जात्यापासून तोडली, आता चाळणी लावून तिचे आणखी तुकडे करता. तुटणं खरं आहे, पण ते पिठाच्या गिरणीनेच सुरू केलं होतं. उलट एका गावातल्या बायांचे आवाज पुन्हा एकत्र ऐकवणं गावनिहाय दारालाच साधतं. विषयवारीने लावलेल्या यादीत शेजारणी दूर दूर जाऊन पडतात. मालकीचा प्रश्न मात्र यामुळे सुटत नाही. जिने टेपरेकॉर्डरसमोर गायला होकार दिला, तिने पुढच्या प्रत्येक संकेतस्थळाला होकार दिला असं धरता येत नाही. म्हणून संमतीची अट कोठारातल्या नोंदीलाच चिकटलेली हवी, म्हणजे दार कुणीही बांधलं तरी ती त्याला टाळता येणार नाही.