निषेधाची भांडी

आंदोलनाची आठवण चिनी मातीच्या भांड्यावर छापायची रीत इंग्लंडातली. ती शोभेच्या हौसेतून आली असे मानतात. मला तिचे मूळ जेवणघरातल्या एका नकारात दिसते. १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार थांबवण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने फेटाळला, तेव्हा हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. चहा मात्र सुटेना. मग १८२० च्या दशकात साखरेच्या भांड्यांवर मजकूर आला, की ही साखर हिंदुस्थानची आहे, गुलामांनी पिकवलेली नाही. मताधिकार नसलेल्या बाईने ते भांडे पाहुण्यापुढे सरकवले की तिची बाजू सांगून व्हायची. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र पातळ कागदावर उतरवून भांड्यावर दाबायचे तंत्र तोवर चांगले रुळले होते. म्हणूनच १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडदळ घातले गेले, त्याची चित्रे थोड्याच काळात जगांवर आणि सुरयांवर आली.

कुंभारांनी यात पैसा केला, हा आक्षेप खरा आहे. पण त्या नफ्यामुळेच भांडे स्वस्त झाले आणि कामगाराच्या फडताळात पोचले. दुसरा आक्षेप अधिक बोचतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या मुलखात गुलामगिरी होतीच, तिच्याविरुद्धचा कायदा १८४३ चा. म्हणजे साखरेच्या भांड्याने आपल्याकडची माणसे झाकली. तरी एक गोष्ट उरते, ते भांडे रोज वापरात होते. १९८४-८५ च्या ब्रिटिश खाणकामगार संपाच्या स्मरणार्थ निघालेल्या थाळ्या भिंतीवर गेल्या, आणि तिथे ही रीत पातळ झाली असे मला वाटते.

आपल्याकडे महाडला भांडे उलट्या बाजूने आले. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि सनातन्यांनी १०८ घागरींनी ते ‘शुद्ध’ केले. आंदोलकांची आठवण मात्र पाण्यातच राहिली. दर २० मार्चला लोक तळ्यावर येतात. पाण्याचे असेच नाते वसईतही दिसते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ जमिनीइतकीच पाण्यासाठी होती. तिची खूण करायचीच तर चौकातल्या दगडापेक्षा माठावर करावी. माठ फुटतो, झिरपून झिरपून निकामी होतो, असे कुणी म्हणेल. पण मग नवा आणावा लागतो, आणि त्यावर काय लिहायचे हे दर उन्हाळ्यात पुन्हा ठरवावे लागते.