पाहुण्याचे नंदनवन

आदर्श नगरीची वर्णने मनुष्याने पुष्कळ लिहिली आहेत; परंतु ती कोणाच्या तोंडून वदविली आहेत, ह्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. सर टॉमस मोर ह्याने १५१६ साली 'यूटोपिया' प्रसिद्ध केला, तेव्हा त्या बेटाची हकीकत त्याने एका दर्यावर्दी प्रवाशास सांगावयास लावली. हा प्रवासी तेथे पाच वर्षे राहून परत आलेला, म्हणजे पाहुणा. कांपानेल्लाच्या सूर्यनगरीची माहिती देणारा जिनोआचा नाखवाही पाहुणाच. एडवर्ड बेलामीच्या १८८८ सालच्या 'लुकिंग बॅकवर्ड' ह्या कादंबरीचा नायक बॉस्टनमध्ये झोपी जातो तो २००० साली जागा होतो, आणि नव्या समाजात पाहुणा म्हणून फिरतो. विल्यम मॉरिसने तर १८९० साली आपल्या नायकाचे नावच 'गेस्ट' असे ठेविले! आमच्याकडे बेगम रुकैया ह्यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' लिहिली; तिच्यातील स्त्रीराज्यही स्वप्नात तेथे पोचलेल्या पाहुणीनेच पाहिलेले आहे.

आता ज्यांस दुःस्वप्ननगरी म्हणता येईल अशा कथांकडे वळावे. तेथे सांगणारा बदलतो. रशियन लेखक झाम्यातिन ह्याच्या 'वी' ह्या कादंबरीत रोजनिशी लिहिणारा त्या राज्यातलाच एक रहिवासी आहे. त्यास नाव नाही, क्रमांक आहे. ऑर्वेलचा विन्स्टन स्मिथही चोरून रोजनिशी लिहितो, आणि तोही रहिवासीच. हक्स्लेच्या १९३२ सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये बाहेरून आलेला एक तरुण आहे खरा. पण पाहुणा म्हणून त्याचे कौतुक होते तोवर ठीक चालते, आणि त्यास तेथेच राहणे भाग पडते तेव्हा कथेस काळे वळण लागते. ह्यावरून आमचे असे मत झाले आहे की, नंदनवन आणि कारागृह ह्या बहुधा दोन निरनिराळ्या जागा नसतात. जागा एकच असते. एक वर्णन पाहुण्याचे असते, दुसरे रहिवाशाचे.

हे मत केवळ पुस्तकी राहू नये म्हणून ते घराजवळ घासून पाहणे बरे. त्यासाठी नगर जिल्ह्याइतकी सोयीची भूमी दुसरी नाही. ज्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्यात 'आदर्श गाव' ह्या संज्ञेने सर्व देशास ठाऊक झालेली दोन गावे आहेत: पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार. दोन्ही पर्जन्यछायेतली, दोन्हीकडे पाऊस तुटपुंजा, आणि दोहोंचीही दैना १९७२च्या दुष्काळाने पुरती उघडी पाडलेली.

राळेगणचा इतिहास थोडक्यात असा. किसन बाबुराव हजारे, ज्यांस सर्वजण अण्णा म्हणतात, हे सैन्यात मोटारचालक होते. १९६५च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर ते मृत्यूच्या दारातून परत आले. १९७५ साली नोकरी सोडून ते गावी आले, आणि स्वतःच्या साठलेल्या पैशांतून त्यांनी प्रथम यादवबाबांचे मोडकळीस आलेले देऊळ उभे केले. तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या चाळीसच्या आसपास होत्या. पुढे श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व नसबंदी ही पंचसूत्री ठरली; ओढ्यांवर बंधारे पडले, डोंगरउतारावर चर खणले गेले, पाझर तलाव दुरुस्त झाला, आणि पाणी जमिनीत मुरू लागले. कोरडवाहू शिवारात दुसरे पीक दिसू लागले. शाळेत नापास झालेल्या मुलांसाठी मुद्दाम वसतिगृहासह विद्यालय निघाले. दलित कुटुंबांच्या डोक्यावरील बँकेचे कर्ज गावाने त्यांच्या जमिनीत राबून फेडले. ह्यांतील कोणतीही गोष्ट लहान नाही. ज्या घरची बाई सायंकाळी नवऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून मुलांस कोपऱ्यात लपवीत असे, त्या घरास भट्टी विझणे म्हणजे काय, हे शहरात बसून स्वातंत्र्यावर निबंध लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांस सांगावयास हवे असे नाही. पण विसरावयासही नको.

भट्ट्या कशा विझल्या, हा मात्र इतिहासाचाच प्रश्न आहे. मुंबई इलाख्याचा दारूबंदी कायदा १९४९ सालापासून पुस्तकात होता. गावात तो कोणी पाहिला नव्हता. देवळात आणाभाका झाल्या, बहुतेक भट्टीवाल्यांनी आपण होऊन धंदा सोडला. जे पिणारे तरीही ऐकेनात, त्यांस देवळाजवळच्या खांबास बांधून लष्करी पट्ट्याचे फटके देण्यात आले. ही गोष्ट कोणा विरोधकाने उठविलेली कंडी नव्हे. अण्णांनी ती स्वतः वारंवार सांगितली आहे. २०११च्या नोव्हेंबरात, दिल्लीच्या उपोषणानंतर सर्व देशाचे लक्ष त्यांच्याकडे लागलेले असता, तीन वेळा समज देऊन, नंतर देवळात शपथ घालून, शेवटी फटके हा आपला क्रम त्यांनी उघडपणे मांडला. आजारी मुलास आई कडू औषध पाजते, तसेच हे, असे त्यांचे समर्थन आहे.

आईचा हा दृष्टांत मनास भिडणारा आहे, आणि म्हणूनच तो तपासला पाहिजे. मूल मोठे होते व एके दिवशी आईस नाही म्हणते. ते ऐकून घेणे हाही आईपणाचाच भाग असतो. गावाच्या बाबतीत तो दिवस कोणता? मोरच्या यूटोपियातही मद्याची दुकाने नाहीत, गुत्ते नाहीत, आणि गुपचूप एकत्र जमावे असा आडोसाही नाही. प्रत्येक जण सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे त्यास सदाचरणावाचून गत्यंतर नसते. पाहुणा हे मोठ्या समाधानाने सांगतो. परवान्यावाचून दुसऱ्यांदा प्रवास करणारा तेथे गुलाम होतो, हेही तो त्याच स्वरात सांगतो! मोर स्वतः मात्र ग्रंथाच्या अखेरीस हे सर्व आपणास पटले नाही असे हळूच सुचवितो, आणि त्या प्रवाशाच्या आडनावाचा ग्रीक अर्थ 'निरर्थक बडबड करणारा' असा होतो, हे विसरून चालणार नाही.

राळेगणास पाहुण्यांची कधी वाण पडली नाही. मंत्री आले, परदेशी अभ्यासक आले, विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन आमच्यासारखे अध्यापक आले. सर्वांनी बंधारे पाहिले, सभागृहात माहिती ऐकली, जेवण केले आणि सायंकाळच्या आत परतीची वाट धरली. ह्या भेटींवर जे लिहिले गेले ते खोटे नाही. पण तो मोरच्या प्रवाशाचाच वृत्तांत आहे. निराळ्या प्रकारची नोंद मुकुल शर्मा ह्या अभ्यासकाने २००६ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' ह्या पत्रात केली. पाणलोटाच्या यशास त्यांनी नाकारले नाही. तथापि गावात ग्रामपंचायतीची निवडणूक वर्षानुवर्षे लढविलीच गेली नाही, दुकानांत विडी-काडी मिळत नाही, आणि दलित कुटुंबांनी शाकाहार पत्करणे हे ती गावाशी एकरूप झाल्याचे लक्षण समजले जाते, अशा गोष्टी त्यांनी टिपल्या. कर्ज फेडणारे गाव तेच, आणि ताटात काय वाढावे हे ठरविणारेही गाव तेच. एका उपकाराच्या पोटात दुसरी अपेक्षा कशी शिरते, ह्याचा इतका स्पष्ट नमुना कादंबऱ्यांतही विरळा.

बिनविरोध निवडणुकीचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे ती मोठ्या कौतुकाची गोष्ट मानतात. भांडण टळले, खर्च वाचला, गाव एक राहिले असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. निवडणुकीने भावाभावांत पडलेली फूट दोन पिढ्या सांधत नाही, हे ज्यांनी खेडे पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे. परंतु झाम्यातिनने १९२०-२१ साली जी कादंबरी लिहिली, जी इंग्रजीत १९२४ साली न्यूयॉर्कला छापली गेली आणि त्याच्या मायदेशात १९८८ पर्यंत छापली गेली नाही, तिच्यात वर्षातून एकदा 'एकमताचा दिवस' येतो. त्या दिवशी सर्व प्रजा उघड हात वर करून त्याच उपकारकर्त्या पुढाऱ्यास पुन्हा निवडते. प्राचीन लोक चोरासारखे लपून मत देत आणि निकाल काय लागेल हे त्यांस आधी माहीतही नसे, ह्याचे कथानायकास हसू येते. एका वर्षी मात्र विरुद्ध बाजूने हजारो हात वर होतात, आणि तेव्हा कोठे वाचकास कळते की इतकी वर्षे जे एकमत दिसत होते ते मोजलेच गेले नव्हते.

झाम्यातिनच्या ग्रंथाचे नाव मराठीत आणणाऱ्यापुढे एक पेच उभा राहील, जो इंग्रज भाषांतरकारास पडला नाही. 'आम्ही' म्हणावे की 'आपण'? 'आम्ही' म्हणताना समोरचा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो, त्याची संमती असो वा नसो, आत ओढला जातो. ग्रामसभेतले सर्व ठराव 'आपण' ह्या शब्दाने सुरू होतात. त्या शब्दात जिव्हाळा आहे, हे आम्ही जाणतो. पण ज्यास त्यात यावयाचे नाही त्याने उठून काय म्हणावे, ह्यासाठी भाषेने सोपा शब्द ठेविलेला नाही.

हा वाद नवा नाही, आणि नगरशी त्याचे नाते जुने आहे. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू नगरच्या किल्ल्यात बंदी होते. सुटकेनंतर थोड्याच महिन्यांत, ऑक्टोबर १९४५ मध्ये, गांधीजींनी त्यांस पत्र लिहून आपल्या कल्पनेतील आदर्श खेडे पुन्हा मांडले. नेहरूंनी उत्तरात मान्य केले नाही. खेडे हे बौद्धिक व सांस्कृतिक दृष्ट्या मागासलेले असते आणि तेथे सत्य व अहिंसा विशेष नांदतात असे आपणास दिसत नाही, असा त्यांचा आशय होता. तीन वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. आंबेडकरांनी घटना समितीपुढे मसुदा ठेविताना खेड्यांविषयी ह्याहून कठोर भाषा वापरली, आणि खेड्यास नव्हे तर व्यक्तीस घटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. गांधीजी खेड्याकडे आशेने पाहत होते. आंबेडकर बोलत होते ते रहिवाशाच्या बाजूने, आणि तोही वेशीबाहेरच्या वस्तीतल्या रहिवाशाच्या.

मराठीत ह्याहून निराळा आदर्श कोणी रंगविलाच नाही, असे नव्हे. जोतीराव फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात असे एक कुटुंब कल्पिले आहे की, ज्यात बायको बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म घेईल, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होईल, मुलगी कुराण वाचून मुसलमान होईल, मुलगा सत्यधर्मी राहील, आणि तरी सर्वजण एका घरात मायेने नांदतील. जगातल्या आदर्श नगरींच्या रांगेत हे घर आम्ही मुद्दाम ठेवितो. बाकी सर्वत्र सर्वांचा पोशाख, जेवण व विचार सारखा झाल्यावर सुख येते. येथे चार माणसे चार दिशांस गेल्यावरही येते.

दारूच्या बाबतीतही दुसरी एक वाट महाराष्ट्रात निघाली. गावातील स्त्री मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घ्यावयाचे, चिन्हे दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचे दुकान बंद. ह्या मार्गाने हातभट्टी विझत नाही, हे कबूल केले पाहिजे; तिच्यासाठी पोलीसच हवेत, आणि ते राळेगणास वेळेवर आले असते तर खांबाची पाळी आली नसती. पण खांबाजवळ एकाची लाज सर्वांसमोर निघते, आणि पडद्याआड मत देणाऱ्या बाईचे मत तिच्या सासूसही कळत नाही. साध्य एकच, तरी ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

आता हिवरे बाजार. पोपटराव पवार हे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले. राळेगणचाच कित्ता पुढे ठेवून, पण फटक्यांवाचून, त्यांनी काम उभारले. १९९४ साली गाव शासनाच्या आदर्श गाव योजनेत आले. पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडावयाचा, ऊस व केळीसारखी तहानलेली पिके घ्यावयाची नाहीत, शेतीसाठी कूपनलिका खणावयाची नाही, असे नियम झाले. आपल्या विहिरीचे पाणी आपले, असे मानणाऱ्या शेतकऱ्यास हे नियम जाचक वाटले असतील. पण भूगर्भातले पाणी शेजाऱ्याचेही असते, त्यामुळे हा जाच आम्हांस न्याय्य वाटतो. लग्नापूर्वी एड्सची तपासणी करवून घेण्याचा नियम मात्र विहिरीच्या नियमाच्या जातीचा नाही, आणि त्याविषयी आमचे मन इतके निश्चिंत नाही.

हिवऱ्यातही ग्रामपंचायत वर्षानुवर्षे बिनविरोध होत होती. पोपटरावांस २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यानंतरच्या जानेवारीत, म्हणजे २०२१ साली, सुमारे तीस वर्षांनी प्रथमच विरोधात अर्ज उभे राहिले. पाहुण्यांस वाईट वाटले. आदर्श गावास दृष्ट लागली असे वर्तमानपत्रांतून सूर निघाले. आम्हांस ते तसे वाटले नाही. मतदान गुप्त झाले, पेट्या उघडल्या गेल्या, आणि सातही जागा पोपटरावांच्याच गटास मिळाल्या. आधीच्या तीस वर्षांत सरपंचास गावाची संमती होती असे सर्वजण समजत होते. ती आहे हे त्या दिवशी मोजून कळले. आणि ज्यांनी विरुद्ध शिक्का मारला, त्यांची संख्याही प्रथमच कोठेतरी लिहिली गेली.