भार नसलेल्या जागेतील खेळ

पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दिघी हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. परंतु गावाबाहेरच्या जगाला ते ठाऊक झाले ते लष्करी जमीन, आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेची अभियांत्रिकी प्रयोगशाळा यांच्यामुळे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेचा एक प्रमुख विषय लष्करी पूल हा आहे. तेथे विकसित झालेल्या 'सर्वत्र' या पुलाचे पंधरा मीटरचे पाच गाळे ट्रकवरून नेऊन एकापुढे एक टाकले की ७५ मीटर रुंदीचा ओढा ओलांडता येतो, आणि त्याचे सारे गणित मांडले जाते ते वरून जाणाऱ्या रणगाड्याच्या वजनाभोवती. दिघीचा अंतराळातील खेळण्यांशी थेट संबंध नाही. तरीही या पट्ट्यातील अभियंत्याला त्या खेळण्यांचा इतिहास परका वाटू नये, कारण त्याच्या रोजच्या गणितातील वजन हे एकच पद पुसून टाकले तर वस्तूत काय उरते, या प्रश्नावरच तो इतिहास उभा आहे.

पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण नाहीसे होते, हा समज चुकीचा आहे. तेथेही ते जमिनीवरच्या तुलनेत जवळपास नव्वद टक्के शिल्लक असते. यान, यानातील माणूस आणि त्याच्या हातातील वस्तू ही तिन्ही एकाच वेगाने पृथ्वीभोवती सतत 'पडत' असल्यामुळे कोणाचाच भार कोणावर पडत नाही, आणि या अवस्थेला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात. वस्तूचे वस्तुमान मात्र तसूभरही घटत नाही. ढकलायला लागणारा जोर, म्हणजे जडत्व, तेवढाच राहतो. म्हणून खेळण्यांचे दोन वर्ग आपोआप पडतात: ज्यांचा खेळ वजनावर चालतो ती तेथे मुकी होतात, आणि ज्यांचा खेळ जडत्वावर, स्प्रिंगच्या ताणावर किंवा चुंबकावर चालतो ती बहुधा जिवंत राहतात, क्वचित जमिनीवर दाखवत नाहीत असे गुणही दाखवतात.

अंतराळासाठी मुद्दाम घडवलेल्या पहिल्या खेळांपैकी एक बुद्धिबळाचा पट होता. ९ जून १९७० रोजी सोयुझ-९ या यानातील आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव यांनी जमिनीवरील निकोलाय कमानिन आणि विक्तोर गोर्बात्को यांच्याशी रेडिओवरून एक डाव खेळला आणि तो बरोबरीत सुटला. सोंगट्या पटावर बसवायला चुंबक हा सोपा मार्ग होता. पण यानातील उपकरणांच्या जवळ चुंबक नको म्हणून तो सोडून पटात खाचा पाडल्या गेल्या आणि सोंगट्या त्या खाचांतून सरकवण्याची सोय झाली. प्रत्येक सोंगटी आपल्या वजनाने घरात बसून राहते, ही गोष्ट जमिनीवरच्या खेळाडूच्या कधी लक्षातही येत नाही, आणि येथे नेमकी तीच वेगळी तयार करून द्यावी लागली. सुमारे अठरा दिवसांच्या त्या मुक्कामानंतर दोघे इतके अशक्त होऊन परतले, की पुढील मोहिमांत विरंगुळ्यापेक्षा व्यायामाकडेच अधिक लक्ष गेले.

स्कायलॅब या अमेरिकन स्थानकावर १९७३-७४ मध्ये पत्ते, चेंडू आणि टोकाला वेल्क्रो लावलेले बाण असा विरंगुळ्याचा संच पाठवला होता. अंतराळवीरांना अधिक रमवले ते मात्र संचात नसलेल्या एका खेळाने. स्थानकाच्या आत गोलाकार मांडलेल्या कपाटांच्या कड्यावरून ते धावू लागले, आणि धावण्याच्या वेगामुळे पाय कड्यावर दाबले जाऊन काही काळ 'खाली' ही दिशा पुन्हा निर्माण झाली. चंद्रावरची गोष्ट निराळी, कारण तेथे गुरुत्व शून्य नसून पृथ्वीच्या एक-षष्ठांश आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ च्या ॲलन शेपर्ड यांनी नमुने गोळा करण्याच्या दांड्याला गोल्फच्या काठीचे टोक बसवून दोन चेंडू टोलवले. दुसरा चेंडू मैलोगणती गेल्याचे त्यांनी त्या क्षणी गमतीने सांगितले; २०२१ मध्ये छायाचित्रांवरून मोजमाप झाले तेव्हा ते अंतर सुमारे चाळीस यार्ड भरले. ताठर पोशाखात एका हाताने मारलेल्या टोल्याला गुरुत्वाची सवलतही फारशी उपयोगी पडली नाही.

खेळण्यांची पद्धतशीर परीक्षा झाली ती एप्रिल १९८५ मध्ये. ह्यूस्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील कॅरोलिन समनर्स यांच्या कल्पनेतून साधी, बाजारात मिळणारी खेळणी डिस्कव्हरी यानातून पाठवण्यात आली, आणि सिनेटर जेक गार्न यांच्यासह अंतराळवीरांनी ती शाळकरी मुलांसाठी कॅमेऱ्यासमोर खेळून दाखवली. यो-यो चालला, पण दोरीच्या टोकाशी फिरत 'झोपून' राहण्याची त्याची करामत गेली, कारण दोरी ताणून धरणारे वजनच नव्हते आणि चकती टोकाला पोचताच माघारी येत होती. पायऱ्या उतरणारी लवचीक स्प्रिंग पायऱ्या उतरेना, मात्र दोन्ही टोके धरून तिच्यात लाटा सोडता आल्या. गतिदर्शक भोवरा, म्हणजे चौकटीत फिरणारे जड चाक, आपला आस न हलवता फिरत राहिला. जमिनीवर कललेला भोवरा घुमत घुमत गोल डुलतो, तो त्याचे वजन त्याला सतत पाडू पाहते म्हणून. पाडणारेच कोणी नसल्यावर डुलण्याला कारण उरत नाही.

त्या पेटाऱ्यातील एक खेळ मराठी वाचकाला लगेच ओळखता येईल. रिया सेडन यांनी खेळून दाखवलेला 'जॅक्स' हा आपल्या सागरगोट्यांचा सख्खा भाऊ: एक वर फेकायचा, तो हवेत असताना जमिनीवरचे उचलायचे आणि त्याच हाताने परतणारा झेलायचा. या खेळातील घड्याळ गुरुत्वाकर्षणाचे असते. हातापासून अर्धा मीटर उंच उडवलेला गोटा हातात परत यायला सुमारे ०.६४ सेकंद लागतात, आणि एकी, दुकी, तिकी अशी चढत जाणारी सारी कठीणता त्या अवधीत किती गोटे गोळा होतात यावर अवलंबून असते. त्याच जोराने चंद्रावर फेकल्यास गोटा तीन मीटर चढेल आणि जवळपास पावणेचार सेकंदांनी परतेल, तेव्हा सर्वांत अवघड डावसुद्धा पोरखेळ ठरेल. कक्षेत तर फेकलेला गोटा परत येतच नाही, आणि खाली ठेवलेले गोटे सोडताना बोटाचा जो किंचित धक्का लागतो तेवढ्यानेही ते पांगतात. म्हणून यानात चेंडू भिंतीवर मारून परत आणावा लागला. दिशा बदलली, घड्याळ बदलले, आणि परतीचा वेळ खेळाडूच्या फेकीच्या वेगावर व भिंतीच्या अंतरावर ठरू लागला. काचा-कवड्या, पट, सापशिडी या खेळांची अडचण याहून खोल आहे. कवडी पालथी की उताणी हे ठरायला ती आधी कोठेतरी पडून स्थिर व्हावी लागते, आणि पडण्याचीच सोय नसल्यावर दैवाला कौल देता येत नाही.

जानेवारी १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून हाच प्रयोग दुसऱ्यांदा झाला आणि या वेळी खेळण्यांची निवड अधिक विचारपूर्वक होती. चाकांची गाडी सपाट पृष्ठावर घर्षणाअभावी पुढे सरकू शकत नाही, परंतु वर्तुळाकार मार्गाच्या आतल्या बाजूने सोडली की तिच्या वेगामुळेच चाके मार्गावर दाबली जातात. स्कायलॅबच्या कड्यावर धावणाऱ्या माणसांचे तत्त्व येथे खेळण्यात उतरले. याच सुमारास, १९९३ मध्ये, अलेक्सांद्र सेरेब्रोव मिर स्थानकावर हातातल्या यंत्रावर टेट्रिस खेळले. पडद्यावरचे ठोकळे तेथेही खालीच पडत राहिले, आणि रचनाकाराला काही करायचे उरले नाही. या इतिहासात पडद्यावरच्या खेळांना थोडी जागा द्यावी लागते ती एवढ्याचसाठी. त्यापेक्षा २०११ मध्ये सातोशी फुरुकावा यांनी आंतरराष्ट्रीय स्थानकावर जोडलेले लेगोचे प्रारूप अधिक बोलके आहे. सुटे तुकडे तरंगत जाऊ नयेत म्हणून ते काम हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत करावे लागले.

अशा बारीक विचाराची परंपरा दिघीच्या शेजारी वेगळ्या वाटेने रुजली. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये बाहेर पडलेले अरविंद गुप्ता पिंपरीच्या टेल्को कारखान्यात, म्हणजे मालमोटारींच्या धंद्यात, दाखल झाले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तेथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व काडेपेटीतील काड्या जोडून त्यांनी जी रचना-खेळणी बनवली, त्यांनी त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. पुढे २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी तयार केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी ही खेळणी अंतराळासाठी केलेली नाहीत, तरी वरील कसोटीला ती लावून पाहण्यासारखी आहेत. काडी-ट्यूबचे सांधे घर्षणाने धरलेले असतात, त्यामुळे ते प्रारूप कक्षेत जसेच्या तसे उभे राहील. तरंगणारी पेन्सिल मात्र हरेल. या खेळण्यात पेन्सिलीवर दोन कडी-चुंबक असतात, तळाशी चार चुंबक तिला वर लोटतात, आणि पेन्सिलीचे टोक एका उभ्या पट्टीला टेकते; खालून येणारा लोट आणि पेन्सिलीचे वजन यांची बरोबरी झाली की ती हवेत राहून फिरत बसते. वजन काढून घेतले तर लोट एकटाच उरतो आणि पेन्सिल निघून जाते. जमिनीवर जे खेळणे वजनाला हरवल्यासारखे दिसते, ते वजनाच्या मदतीनेच उभे असते.

या औद्योगिक पट्ट्यातल्या नेहमीच्या मालालाही कक्षेत जागा मिळाली आहे. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावरील अंतराळवीरांनी बोटावर फिरवायचा स्पिनर फिरवला. त्याच्या पोटात असते ते बॉल-बेअरिंग, आणि चिंचवडमध्ये बेअरिंग बनवण्याचा धंदा अनेक दशके चालत आला आहे. स्पिनर धरणारा अंतराळवीर अधांतरी असेल, तर बेअरिंगमधील घर्षणामुळे स्पिनरची फिरकी हळूहळू त्याच्या शरीरात उतरते आणि तो स्वतःच सावकाश फिरू लागतो. फिरकीचे हे एकूण माप, ज्याला कोनीय संवेग म्हणतात, कोठे नाहीसे होत नाही, हे पाठ्यपुस्तकातील विधान तेथे अंगावर अनुभवता येते.

खेळण्याला यानात एक अधिकृत कामही लाभले आहे. दोरीला टांगलेले मऊ खेळणे तरंगू लागले की इंजिने थांबून भारहीनता सुरू झाल्याचे सर्वांना दिसते, आणि ही रूढी रशियन यानांतून इतरत्र पसरली. जून २०२५ मधील ॲक्सिअम-४ मोहिमेत हे काम 'जॉय' नावाच्या हंसाच्या पिलाकडे होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले शुभांशु शुक्ला त्या यानात होते. १९८४ मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा हेही त्याच प्रबोधिनीचे विद्यार्थी. हंस हे भारतीय परंपरेत विवेकाचे चिन्ह असल्याचे शुक्ला यांनी सांगितले. विकत आणलेल्या या बाहुल्यांपेक्षा कॅरेन नायबर्ग यांचे २०१३ मधील खेळणे मात्र अधिक दाद देण्याजोगे आहे. रशियन अन्नपेट्यांच्या अस्तराचे कापड आणि वापरलेल्या टी-शर्टचे तुकडे घेऊन त्यांनी स्थानकावरच मुलासाठी लहानसा डायनासोर शिवला. मुक्तांगणच्या फळीवर तो सहज शोभला असता.

गगनयानाची नियोजित समानव मोहीम तीन दिवसांची आहे, आणि तेवढ्या वेळात चाचण्यांपलीकडे कोणाला उसंत मिळणार नाही. खेळाची गरज भासते ती आठवडे आणि महिने मोजावे लागतात तेव्हा. २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे, आणि तेथे दीर्घ मुक्काम सुरू झाले की पटाच्या खाचा, सोंगटीची पकड, न पेटणारे कापड आणि हवेच्या जाळीत अडकणार नाही एवढा मोठा तुकडा हे प्रश्न भारतीय रचनाकारांपुढेही येतील. भोवऱ्यासाठी त्यांना फारसे काही करावे लागणार नाही. सागरगोट्यांसाठी मात्र गोटे धरून ठेवणारी एखादी वेल्क्रोची पट्टी आणि जवळ एक भिंत, एवढे तरी द्यावेच लागेल.